बेसिक किती, ते आधी पाहा

दुबईला ये. पण सव्वा लाख देऊन येऊ नको, आणि त्यासाठी बाबांचं ओलिताचं वावर तर मुळीच गहाण पडू देऊ नको.

तू लिहिलंस की आयटीआय वायरमन झालं, तालुक्याच्या एजंटानं दुबईची नोकरी आणली, पगार १८०० दिरहम, त्यात बेसिक (भत्ते सोडून मूळ पगार) ८००. एजंट सव्वा लाख मागतो. गड्या, भारतात नोंदणी असलेल्या एजंटाला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. व्हिसा, मेडिकल, एमिरेट्स आयडी (इथलं ओळखपत्र), भरती हा सगळा खर्च इथल्या कायद्यानं कंपनीचा. पगारातून कापायलाही बंदी आहे. मला २०१४ साली हे कोणी सांगितलं नाही. आईची पोत सोनाराकडं ठेवून नव्वद हजार दिले, आणि पहिले नऊ महिने राबलो ते त्या पोतीसाठी.

तू दहावी पास, म्हणजे पासपोर्टावर ईसीआरचा (नोकरीला जाण्याआधी सरकारची मंजुरी लागते, असा) शिक्का नसेल. लोक खूश होतात. पण दहावी नसलेल्याचे कागद निघण्याआधी सरकार तपासतं तरी, तुझे कोणी तपासणार नाही. म्हणून सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्या एजंटाची नोंदणी तूच शोध. सापडली नाही तर विषय संपला. ‘व्हिजिटवर जा, मंग तिकडं बदलून घेऊ’ म्हणाला तरी संपला. व्हिजिट व्हिसावर काम करणं बेकायदा आहे, पकडला जातो तो आपला पोरगा.

आता पगार. तू १८०० कडं पाहतोस, मी ८०० कडं. काहून? ओव्हरटाइम बेसिकवर मोजतात, सव्वापट दरानं (रात्री दहा ते पहाटे चार असेल तर दीडपट). रोज दोन तास, महिन्याचे २६ दिवस काढलेस तर ८०० बेसिकवर हातात साधारण २१७ दिरहम येतात, १२०० वर ३२५. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटीही बेसिकचीच: पहिली पाच वर्षं दरवर्षी २१ दिवसांचा पगार, पुढं ३० दिवसांचा. म्हणजे वर्षाला ५६० की ८४०, एवढा फरक. इथं पीएफ नाही आणि पगारावर इन्कम टॅक्सही नाही, त्यामुळं शेवटी जमा म्हणून हीच रक्कम असते. एजंट एकूण आकडा फुगवून सांगतो, कारण अलाउन्सवर, म्हणजे भत्त्यांवर, कंपनीला पुढं काही द्यावं लागत नाही. आपल्यासारख्या बाहेरच्या कामगारांसाठी किमान वेतनाचा आकडा इथल्या कायद्यात नाही, त्यामुळं कागदावर जे लिहून घेशील तेच.

आठवड्याचे ४८ तास, वर्षाला ३० दिवस रजा. पगार बँकेतून किंवा कार्डावर येतो, हातात रोख देतो म्हणणाऱ्या कंपनीपासून लांब राहा. पासपोर्ट ठेवून घेणंही बेकायदा, तरी सुपरवायझर मागतो. मी आता देत नाही.

राहणं कामगारांच्या कॅम्पात, खोलीत आठ जण, मेसला माझे तीनशे दिरहम जातात. पहाटे साडेचारला बस.

आणि उन्हाचं. ‘आपण यवतमाळचे, ४६ डिग्री सोसलेले’ असं मीही म्हणत आलो होतो. आपला मे कोरडा असतो, कूलर लावला की जीव थंड होतो. इथं ऑगस्टात घाम वाळतच नाही. शर्ट पिळून पुन्हा घालायचा, संध्याकाळी पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे. १५ जून ते १५ सप्टेंबर उघड्यावर काम दुपारी साडेबारा ते तीन बंद ठेवावं लागतं. पण अकरा वाजता छतावर पाइप ओढताना ते साडेबारा लय लांब वाटतात.

ऑफर लेटर हिंदीतही मिळतं. सही करायच्या आधी त्याचा फोटो मला पाठव, बेसिकची ओळ नीट दिसेल असा.