गाडीचा एसी थंड करत नाही? गॅस भरायच्या आधी हे बघ

भाऊ, जळगावच्या मे महिन्यात एसी बंद म्हणजे काय हाल होतात ते माहितीये, पण लगेच गॅस भरायला पळू नको. नवीन माणूस इथंच चुकतो. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, कमी झाला म्हणजे कुठंतरी लीक आहे, ते न शोधता भरला तर पैसे पाण्यात. पाईपच्या जॉइंटवर तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसतो का बघ.

आधी एवढं कर:
- हवाच कमी येते? केबिन फिल्टर (आत येणारी हवा गाळणारी जाळी) काढून झटक.
- इंजिन, एसी चालू करून बोनेट उघड. कंप्रेसरचा (गॅस दाबणाऱ्या पंपाचा) क्लच, म्हणजे त्याला इंजिनच्या पट्ट्याशी जोडणारा भाग, 'टक' करून बसतो का, पुढचा फॅन फिरतो का? हात लांब ठेव.
- कंडेन्सर बघ, म्हणजे रेडिएटरपुढची गॅस थंड करणारी जाळी. आपल्याकडे जिनिंगचा कापूस उडतो ना, माझ्या गाडीत जाळीवर गोधडीसारखा थर निघाला होता. साध्या पाण्यानं धू, प्रेशर जवळून मारलं की पात्या वाकतात.

सिग्नलला गरम आणि हायवेला थंड, तर फॅन नाहीतर कंडेन्सरच धर.

पाईप स्वतः खोलू नको, आत प्रेशर असतं, गॅस डोळ्यात गेला तर इजा होते. गेजचं (गॅसचं प्रेशर मोजायच्या मीटरचं) नंतर बघू. क्लच बसतो का ते बघून सांग, मग पुढचं सांगतो.