सोयरिक दोन गटांची, लग्न मात्र माझं

प्रश्न : ताई, मी खानापूर तालुक्यातली, वय २६, बेळगावात नोकरी करते. पुढच्या आठवड्यात माझं लग्न आहे. बाबा महाराष्ट्र एकीकरण समितीचे (सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणून लढणारी) जुने कार्यकर्ते, १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीला दंडाला काळी फीत बांधून असणार म्हंजे असणार. मुलाचे चुलते पण आधी समितीतच होते, मग तिकिटावरनं भांडण झालं आणि ते राष्ट्रीय पक्षात गेले. तेव्हापासून पीकेपीएसपासून (गावची कृषी पतसोसायटी) झेडपीपर्यंत प्रत्येक इलेक्शनला आमचा गट आणि त्यांचा गट, मराठी मतं फुटतात आणि तिसराच निवडून येतो. आता मध्यस्थांनी ही सोयरिक काढलीय, लग्न झालं की ते परत समितीत येणार असं ठरलंय. साखरपुडा झाला, पत्रिका वाटून झाल्या, त्यात पुढाऱ्यांची नावं माझ्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात आहेत. माझं ऑफिसातल्या एका मुलावर तीन वर्षांपासून प्रेम आहे, तो बैलहोंगलचा, घरी कन्नड बोलतात. घरात फक्त आईला माहीत आहे, ती म्हणते, "मी तुझ्या बाबांपुढं कधी बोललो नाही, आता काय बोलू?" साखरपुड्याआधी मी बाबांना एवढंच म्हणाले की मला हे लग्न नको, तर ते म्हणाले, लोकांनी सीमाभागासाठी गोळ्या खाल्ल्या, तुला एवढं पण जमत नाही? त्यावर मला काही बोलताच आलं नाही. नवरा मुलगा वाईट नाही, दोनदा भेटलोय, दोन्ही वेळा दहा माणसं सोबत. मी काय करू? (नाव नको)

उत्तर : अगं, अंक निघेपर्यंत तुझं लग्न होऊन गेलं असतं म्हणून उत्तर तुला त्याच रात्री मेल केलं होतं, आता तुझ्या परवानगीनं, ओळखीच्या खुणा बदलून इथं छापतोय कारण असली पत्रं एकटीची नसतात.

आधी बाबांच्या त्या वाक्याचं बघू, कारण तू तिथंच अडकलीयेस. १७ जानेवारीला आपण १९५६ च्या सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन करतो, हिंडलग्याला १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातल्या हुतात्म्यांचं स्मारक आहे, तुझे बाबा तिथं दरवर्षी जात असणार. ती माणसं स्वतःच्या पायानं रस्त्यावर उतरली होती ना? कुणाच्या बापानं कुणाशी बोलणी करून त्यांना पाठवलं नव्हतं. बाबांनी स्वतः केसेस घेतल्या असतील, लाठ्या खाल्ल्या असतील तर त्याचा मान आहेच, पण तो त्याग त्यांचा, त्यांनी स्वतः ठरवलेला. तुझ्या वतीनं ते त्याग करू शकत नाहीत. आणि खरं सांगू, सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, मोठमोठ्या वकिलांच्या हातनं तो हलेना, तो तुझ्या अक्षतांवर अडलाय असं कुणी म्हणत असेल तर तो सीमाप्रश्नाबद्दल बोलत नाहीये, पुढच्या इलेक्शनबद्दल बोलतोय.

आता सोयरिकीनं गट जुळतात का, तर जुळतात की, फायदा असेल तोवर. छत्रपतींच्या घरातलंच बघ. शिर्क्यांची येसूबाई संभाजीराजांना केली आणि शिवाजी महाराजांची लेक राजकुंवर येसूबाईंच्या भावाला, गणोजी शिर्क्यांना दिली, म्हंजे सरळ साटंलोटं, यापेक्षा घट्ट गाठ कुठली मारणार? तरी वतनाच्या वादात गणोजी मोगलांकडं गेलेच. पुढं जिंजीच्या वेढ्यातून राजाराम महाराजांना निसटायला त्यांनीच मदत केली म्हणतात, ती पण वतनाचा शब्द घेऊन. जाताना वतन, येताना वतन, मेहुणा-जावई हे नातं मधल्यामध्ये. तुझ्या सासरचे चुलते एकदा तिकिटासाठी समिती सोडून गेलेत ना, मग उद्या परत तिकिटाचं फाटलं तर तू त्यांच्या घरात आहेस म्हणून ते थांबतील असं तुला वाटतं? मला नाही वाटत. फक्त त्या दिवशी तू दोन्हीकडून बोलणी खाशील, माहेरी "तुझ्या सासरच्यांनी" आणि सासरी "तुझ्या बापानं".

हे झालं बाबांच्या बाजूचं. आता तुला थोडं टोचेल असं विचारते. एवढ्या पत्रात बैलहोंगलच्या मुलाचं एक वाक्य पण नाही. तो काय म्हणतो? त्यानं घरी सांगितलंय का? तुझ्या घरी मराठीचा अभिमान आहे तसा त्याच्या घरी कन्नडचा असेल, तिथं कोण काय बोलणार याचा त्यानं विचार केलाय की "तू ठरव, मी आहे" एवढ्यावरच गाडी आहे? मी त्याला वाईट म्हणत नाहीये. पण तू दोन प्रश्न एकत्र बांधून ठेवलेस आणि त्यानं गाठ सुटेना झालीय. हे लग्न मला करायचंय का, हा एक प्रश्न. त्या मुलाशी लग्न करायचंय का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर "नाही" द्यायला दुसऱ्याचं "हो" तयार असावं लागत नाही. उलट त्याचं नाव मध्ये आलं की घरातलं सगळं भांडण कन्नड-मराठीवर जाईल, जातीवर जाईल, आणि तू नको म्हणतेस हे बाजूलाच राहील. म्हणून आधी फक्त पहिला प्रश्न.

बाबांशी बोलायचं ते एकट्यानं. कार्यकर्ते बसलेले असताना नाही, जेवताना नाही, मंडपवाला हिशोबाला आलेला असताना तर अजिबात नाही. गर्दीत ते पुढारी असतात, एकटे असले की बाप असतात, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. सकाळी गोठ्यात किंवा रानात जात असतील तर मागनं जा. कारणांची यादी देऊ नको, प्रत्येक कारणाला त्यांच्याकडं उत्तर असणार, भाषणं करून मुरलेला माणूस तो. एवढंच म्हण, "बाबा, मी आधी पण सांगितलं होतं, आज परत सांगतोय, माझी तयारी नाही, तुमची अब्रू जाऊ नये म्हणून लग्नाआधी बोलतोय, नंतर नाही." बाबा ज्याचं ऐकतात असं एक माणूस घरात असतंच, आत्या, मामा, नाहीतर थोरले काका, त्यांना आदल्या दिवशी सांगून ठेव.

नवऱ्या मुलाशी पण बोल. त्याचा नंबर असेलच. मला तर सगळ्यात जास्त त्याचंच वाटतं, बिचाऱ्याला बहुतेक काहीच माहीत नाही, फ्लेक्सवर फोटो लागलेत आणि तो शेरवानीचं माप देतोय. तुझ्या मनात दुसरं कुणी आहे हे लग्नानंतर कळलं तर फसवलं गेलेलं माणूस तो असेल, तू नाही, आणि त्याच्या मनात पण कुणी असू शकतं हे तुला कुठं माहीत आहे?

पैसे गेले, हॉल बुक झाला, दागिने केले, लोक काय म्हणतील, हे सगळं खरंय. लोक सहा महिने बोलतील, मग दुसरं लग्न मोडेल तिकडं वळतील.

कायद्याचं थोडक्यात सांगते कारण घरात अर्धवट माहिती देणारे खूप असतात. साखरपुडा म्हंजे लग्न नव्हे. हिंदू विवाह कायदा १९५५ चा, ज्या लग्नात सप्तपदी आहे तिथं सातवं पाऊल पडल्यावर लग्न पूर्ण होतं, तोवर नाही म्हणता येतं. जबरदस्तीनं संमती घेतली असेल तर लग्न रद्द करायचा अर्ज करता येतो, पण ती जबरदस्ती संपल्यापासून वर्षाच्या आत, आणि तिथवर जायची वेळ येऊ नये असंच मला वाटतं. आणि घरच्यांची परवानगी लागते का, तर २०२१ साली आपल्याच जिल्ह्यातलं मुरगोड पोलीस ठाण्यातलं एक प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं होतं, लेक्चरर मुलगी घरच्यांना न सांगता लग्न करून गेली आणि घरच्यांनी तक्रार दिली. कोर्टानं स्पष्ट सांगितलं, दोन सज्ञान माणसांनी लग्न ठरवलं तर कुटुंबाची, जातीची किंवा समाजाची परवानगी लागत नाही. कोंडून ठेवलं, फोन काढून घेतला, हात उचलला तर ११२ नाहीतर महिलांसाठीचा १८१, तेव्हा बाबांच्या अब्रूचा विचार करत बसायचं नाही.

आणि समज, सगळा विचार करून तू हेच लग्न करायचं ठरवलंस, तर ते पण चालेल, त्यात कमीपणा काही नाही, फक्त ते तुझं ठरवणं असू दे. मग बैलहोंगलच्या मुलाला लग्नाच्या आधी स्वच्छ सांग, आणि "मित्र म्हणून बोलत राहू" हा प्रकार ठेवू नको, त्यात तिघांचे हाल होतात.

प्रश्न : मी अथणी तालुक्यातला, वय २९. एका मोठ्या पुढाऱ्याच्या नात्यातली मुलगी सांगून आलीय. वडील म्हणतात, डोळे मिटून हो म्हण, तालुका पंचायतीचं तिकीट पक्कं. माझं कुणावर प्रेमबिम नाही, त्यामुळं नाही म्हणायला कारण पण नाही. पण मुलीशी एकट्यानं बोलूच देत नाहीत, विचारलं तर उतावळा म्हणतात. लग्न झाल्यावर होतंच ना सगळं नीट?

उत्तर : वरचं पत्र परत वाचा. त्यातला तो नवरा मुलगा म्हंजे तुम्ही असू शकता.

उतावळा म्हटलं तर म्हणू द्या. अर्धा तास एकट्यानं बोलायला मिळत नसेल तर तारीख धरायची नाही असं वडिलांना सांगा, पुरुष असल्यानं तुम्हाला हे तिच्यापेक्षा सोपं आहे. भेटलात की हॉबी काय, स्वयंपाक येतो का, हे सोडा. सरळ विचारा की हे तुमच्या मनानं चाललंय का, आणि नसेल तर नकार मी माझ्याकडनं कळवतो, तुमचं नाव येणार नाही. हे शेवटचं न विसरता म्हणा, नाहीतर ती खरं बोलणार नाही.

तिकिटाचं म्हणाल, तर पक्कं म्हणणाऱ्यांना तुमच्या मतदारसंघाचं आरक्षण काय पडणार हे ठाऊक आहे का? कर्नाटकात पंचायतीच्या निम्म्या जागा महिलांना राखीव असतात आणि आरक्षण फिरत राहतं. महिला राखीव निघाली तर उमेदवार ती असणार आणि तुम्ही प्रचाराला. तेव्हा तिला राजकारणात यायचंय का, हे पण त्याच अर्ध्या तासात विचारून घ्या.