तिसरा महिना, सिंगापूर आणि आईची बॅरलं

"तिसरा महिना चालू आहे, नवऱ्याला सिंगापूरला नोकरी लागलीय, तिकडे डेंग्यू-झिका असतो म्हणतात. जाऊ की बाळंतपणापर्यंत सोलापुरातच राहू? तिकडे एकटं पडायला होतं का?" तुझा प्रश्न परवा रात्री वाचला आणि माझी झोप उडाली. पगार, पास (म्हणजे इथे राहायचा परवाना), घरभाडं सरकारी साइटवर सापडेल. ते सोडून देते.

ऑगस्ट २०१६ अखेर इथे सिंगापूरच्या अल्जुनीड भागात डासांमुळे होणारा झिका सापडला तेव्हा मला चौथा महिना होता आणि आमचं घर तिथून जवळच. ब्राझीलमधल्या, झिकामुळे डोकं लहान राहिलेल्या बाळांचे फोटो त्या वर्षी सगळ्यांनीच पाहिले होते. झिकाचा वैताग हा की पाचातल्या चौघांना कळतही नाही. ना ताप, ना पुरळ. विषाणू वारेतून बाळापर्यंत पोचतो आणि वाढत्या मेंदूवर घाव घालतो. पहिल्या तीन महिन्यांत धोका सगळ्यात जास्त. लागण झाली तरी बहुतेक बाळांत दोष दिसत नाही, पण रात्री दोन वाजता हे कुणाला आठवतं? मुलगी झाल्यावर वर्षभर मी शिवणकामाच्या टेपने तिचं डोकं मोजत होते. सासूबाईंना सांगितलं, टोपी शिवायचीय.

आणखी एक, जे कुठली मावशी सांगणार नाही: झिका नवऱ्याकडूनही येतो. साथीच्या भागात तो जाऊन आला तर बाळंत होईपर्यंत निरोध वापरायचा. डॉक्टरीणबाई हे सांगत होत्या तेव्हा आमचे हे खिडकीबाहेर बघत बसले होते.

पण सोलापुरात राहिलीस म्हणजे सुटलीस असं नाही. झिका २०२१ मध्ये पुरंदरच्या बेलसरला निघाला, २०२४ मध्ये पुण्यात गरोदर बायकांना झाला. डास तोच, एडिस, दिवसा चावणारा. डेंग्यूने दिवस भरण्याआधी कळा येऊ शकतात, रक्तस्रावाची भीती असते. बाळंतपणाच्या तोंडावर चिकनगुनिया झाला तर बाळालाही होतो. आणि आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड. बॅरल रिकामं करायला जीव होत नाही, वरून भरत राहायचं. एडिसची अंडी पाण्याच्या वरच्या कडेला चिकटतात, सुकली तरी महिनोन् महिने टिकतात. नुसतं ओतून भागत नाही, ब्रशने घासावं लागतं.

माझं पहिलं बाळंतपण माहेरी ठरलं होतं. दिवाळीत आईने तिन्ही बॅरलं काथ्याने घासली, तोंडाला जुनं धोतर बांधलं आणि मला फोटो पाठवला. मी गेले नाही. विमानात घेत नाहीत म्हणून सांगितलं. सातव्या महिन्यात खुशाल घेतात. मला त्या बॅरलांची भीती वाटत होती आणि हे तिला सांगायचं तोंड नव्हतं. पुढे शेजारणीची सून आठव्यात दुबईहून आली. आई फोनवर एवढंच म्हणाली, "तिला बरं घेतलं गं विमानात."

कागदांचं ऐक. इथे जन्मलं म्हणून बाळ इथलं नागरिक होत नाही. वकिलातीत नोंद, पासपोर्ट, मग पास. माझ्या लग्नाच्या दाखल्यावर सासरचं नाव, पासपोर्टवर माहेरचं. एका खिडकीवर मला चार वेळा परत पाठवलं, मांडीवर महिन्याचं पोर. निघण्याआधी नावं एकसारखी करून घे. आणि शाळेत मातृभाषा म्हणून मराठी नाही. माझ्या पोरीच्या प्रगतिपुस्तकात 'मातृभाषा: हिंदी' लिहिलेलं असतं, दर वेळी सही करताना हात अडखळतो.

एकटेपणाचं विचारलंयस. होते सवय.

इथे घरात डासांच्या अळ्या सापडल्या तर दंड होतो, म्हणून कुंडीखालची ताटलीसुद्धा लोक पुसतात. तरी डेंग्यू आहेच. झिकावर लस नाही. डीट (डास पळवणारं औषध) असलेलं मलम गरोदरपणी चालतं, डबीवर लिहिलंय तसंच लाव. पूर्ण बाह्या घाल, दुपारी झोपतानाही मच्छरदाणी लाव. जायचं की राहायचं ते तुझ्या डॉक्टरांना विचारून ठरव, मी कोण सांगणार.

तुमच्याकडे पाणी किती दिवसांनी येतं, ते मात्र कळव.