‘आता जूनमध्येच पाठवू’ म्हणणाऱ्या पालकांसाठी : प्रश्नोत्तरे

मार्च 2020 मध्ये कोविडमुळे बंद झालेल्या शाळा मध्येच उघडल्या, पुन्हा मिटल्या, आणि 24 जानेवारी 2022 पासून त्या उघडायला राज्य सरकारने परवानगी दिली. शेवटचा निर्णय त्या त्या ठिकाणच्या प्रशासनावर सोपवला. ठाण्यात, नवी मुंबईत शेजारपाजारची मुलं दप्तरं पाठीला लावून निघाली. दिव्यांग मुलांच्या विशेष शाळांचेही निरोप पालकांना येऊ लागले, आणि माझ्या ओपीडीत तीन आठवडे तेच ते प्रश्न ऐकू आले. नौपाड्यातली आई समोर बसून जे विचारते, तेच कोपरखैरण्याचे बाबा फोनवर विचारतात. म्हणून काही प्रश्न इथे एकत्र घेते. नावं काढून टाकली आहेत.

मुलगा 8 वर्षांचा, ऑटिझम आहे. मास्क दोन मिनिटंही तोंडावर ठेवत नाही. तसाच शाळेत पाठवू का? (वर्तकनगर)

पाठवा. केंद्र सरकारच्या जानेवारी 2022 मधल्या सूचनांनुसार 5 वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्क लावायचा नव्हता. 6 ते 11 वर्षांच्या मुलांनी झेपेल तसा, मोठ्यांच्या नजरेखाली लावायचा होता. ज्याला स्वतःच्या हाताने मास्क काढता येत नाही किंवा ज्याची लाळ गळते, अशा मुलाला तो बांधूच नका. ओला मास्क नाकाला चिकटला की श्वास कोंडतो, आणि आमची बरीच मुलं ते सांगू शकत नाहीत. मास्क लावायचा तो बाईंनी, मावशींनी, व्हॅनच्या काकांनी. वर्गाच्या आणि व्हॅनच्या खिडक्या उघड्या हव्यात. तुमच्या मुलाला सवय लावायची तर मऊ सुती कापडाचा मास्क आधी नुसता हातात द्या, काही दिवसांनी गालाला लावा, मग दहा आकडे मोजेपर्यंत तोंडावर. शाळेने लेखी मागितलं तर तुमच्या बालरोगतज्ज्ञांचं पत्र न्या.

मुलगी 13 वर्षांची, डाउन सिंड्रोम. लस घेतल्याशिवाय पाठवायची नाही, असं आम्ही ठरवलंय. बरोबर ना? (नेरूळ)

नाही. लहान मुलांसाठी लसीकरण 3 जानेवारी 2022 ला सुरू झालं, ते तेव्हा 15 ते 18 या वयातच होतं. लस कधी मिळेल, यावर तुमच्या मुलीची शाळा टांगून ठेवू नका. घरातल्या सगळ्या मोठ्यांचे दोन्ही डोस पूर्ण करा. डाउन सिंड्रोममध्ये कोविड जास्त त्रास देऊ शकतो हे खरं आहे, म्हणून तिच्या हृदयाची किंवा थायरॉइडची तपासणी दोन वर्षांत झाली नसेल तर ती आधी करून घ्या आणि शाळेबद्दल त्याच डॉक्टरांना विचारा.

मुलाला फिट येते. शाळेत आली तर बाईंनी काय करायचं? सासूबाई म्हणतात, दप्तरात कांदा ठेवून दे. (कळवा)

कांदा नको, चप्पल हुंगवणं नको, मुठीत लोखंडी किल्ली नको, दातांत चमचा तर मुळीच नको. कुशीवर वळवायचं, गळ्याजवळचं बटण सोडायचं, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना. फिट थांबवण्यासाठी नाकात मारायचा स्प्रे शाळेत ठेवायचा का आणि किती मात्रेचा, हे तुमच्या न्यूरॉलॉजिस्टकडून चिठ्ठीवर लिहून आणा आणि ती चिठ्ठी वर्गात लावायला सांगा. आणि शाळेची वेळ बदलली म्हणून सकाळची गोळी चुकवू नका.

मुलगी 9 वर्षांची, सीपी (सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे स्नायूंवर ताबा नसणं) आहे, चालत नाही. दोन वर्षं घरीच आहे. शाळेचे आता थोडेच महिने उरलेत, तर जूनमध्ये नव्या वर्षाबरोबरच पाठवू, असं घरात सगळ्यांचं मत आहे. काही नुकसान आहे का? (ऐरोली)

आहे. ताई, या एका प्रश्नाचं उत्तर लांबणार आहे. कारण ‘जूनमध्ये बघू’ हे वाक्य मी या महिन्यात इतक्या वेळा ऐकलंय की मला खरोखर भीती वाटू लागली आहे.

घरात सगळे हिशोब करतात तो अभ्यासाचा. दोन-तीन महिन्यांत असं काय शिकणार आहे ती, हा प्रश्न त्यातूनच येतो. पण तुमच्या मुलीसाठी शाळा म्हणजे फक्त फळा नाही. तिथे तिला पट्टे लावून नीट खुर्चीत बसवतात, स्टँडिंग फ्रेममध्ये उभं करतात, तासाभराने कूस किंवा जागा बदलतात, स्प्लिंट, म्हणजे पावलांना आधार देणारे साचे, घातलेत का ते बघतात. घरात काय असतं? पलंग, सोफा आणि आईची मांडी. यात तुमचा दोष नाही. दोन खोल्यांच्या घरात ऑफिस, धाकट्याची ऑनलाइन शाळा आणि आजारी आजोबा सांभाळून तुम्ही जे केलंत ते मी पाहिलेलं आहे. पण स्नायूंना या अडचणी कळत नाहीत.

नऊ वर्षांचं मूल वर्षाला साधारण 5 ते 6 सेंटिमीटर वाढतं. हाड लांब होतं. सीपीमधला ताठ स्नायू त्या वेगाने लांब होत नाही, त्याला रोज ताणावं लागतं. ताणलं नाही तर आधी टाच वर उचलली जाते, मग गुडघा सरळ होईनासा होतो, आणि एक दिवस मांड्या इतक्या आवळतात की डायपर बदलताना त्या फाकवता येत नाहीत.

गेल्या आठवड्यात अशाच एका मुलीचे स्प्लिंट माझ्या टेबलावर होते. टाळेबंदीच्या आधी बनवलेले. शाळेचा निरोप आला म्हणून आईने चार दिवसांपूर्वी ते पुन्हा चढवायला घेतले होते. पायाचा अंगठा पुढच्या कडेवरून खाली वळत होता, वेल्क्रोचा पट्टा शेवटच्या बोटभर तुकड्यावर कसाबसा टिकत होता, आणि घोट्याच्या आतल्या हाडावर रुपयाएवढा लाल डाग होता. आई म्हणाली, ‘घातले की रडते, हट्टी झालीय घरी बसून.’ ती हट्टी झालेली नव्हती. तिचा पाय वाढला होता आणि तिला दुखत होतं. स्प्लिंट काढल्यावर लाली वीस-तीस मिनिटांत गेली नाही तर ते स्प्लिंट तसेच घालायचे नाहीत, दुरुस्त करायचे किंवा नवे करायचे. हे शाळेतल्या थेरपिस्टच्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं असतं.

माझी सगळ्यात मोठी काळजी आहे ती खुब्याची. जी मुलं चालत नाहीत, त्यांच्या मांडीच्या हाडाचा गोळा हळूहळू वाटीतून बाहेर सरकतो. सुरुवातीला काही दुखत नाही, मूल रडत नाही, म्हणून घरी कुणाला पत्ता लागत नाही. अशा मुलांच्या खुब्यांचा एक्सरे दर सहा ते बारा महिन्यांनी काढायचा असतो. किती जणांचा या दोन वर्षांत निघाला? माझ्याकडे परत आलेल्यांपैकी फार थोड्यांचा. गोळा 30 टक्क्यांहून जास्त बाहेर दिसला तर मुलांच्या हाडांच्या सर्जनना दाखवायलाच हवं. वेळेत गेलात तर स्नायूंच्या लहान शस्त्रक्रियेवर भागू शकतं. उशीर झाला तर हाड कापून बसवावं लागतं आणि पुढे कित्येक आठवडे मूल अंथरुणात.

आज रात्री एक करून बघा. तिला पाठीवर सपाट झोपवा, दोन्ही गुडघे दुमडून पावलं शेजारी शेजारी टेकवा आणि पायांच्या बाजूने बघा. एक गुडघा दुसऱ्याहून खाली दिसला, किंवा एक मांडी दुसरीपेक्षा कमी उघडली, तर जून राहू द्या, सोमवारीच डॉक्टर गाठा. दोन्ही गुडघे सारखे दिसले तरी एक्सरे टळत नाही. दोन्ही खुबे सारखेच सरकलेले असले तर हा फरक दिसत नाही.

आणि जूनच का? जूनमध्ये पाऊस सुरू होतो. रस्त्यात व्हॅन अडकते, मुलं भिजतात, सर्दी-तापाने आठवड्यातले दोन दिवस घरी राहतात. दोन वर्षांनी शाळेची सवय लावायला याहून अवघड महिना सापडणार नाही. आता हवा कोरडी आहे, मुलं कमी आहेत, बाईंना तुमच्या मुलीकडे बघायला वेळ आहे. सुरुवातीला दिवसाआड दोन तास पाठवा, शाळेशी तसं बोलून घ्या. या आठवड्यात तिच्या फिजिओथेरपिस्टला दाखवा, स्प्लिंटचं माप द्या, एक्सरेबद्दल डॉक्टरांना विचारा. ओळखीचा थेरपिस्ट नसेल तर वाशीला नवी मुंबई महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आहे, तिथे चौकशी करा.

ऑनलाइन वर्ग चालू ठेवले तर चालणार नाही का? (घोडबंदर रोड)

ज्याला घरी ऑक्सिजन लागतो किंवा ज्याची प्रतिकारशक्ती औषधांमुळे कमी आहे, त्याच्यासाठी चालेल, तेही त्याच्या डॉक्टरांनी सांगितलं तर. बाकीच्यांसाठी नाही.

मुलगा 7 वर्षांचा. टॉयलेट ट्रेनिंग झालं होतं, घरी राहून पुन्हा डायपरवर आलाय. शाळा म्हणते, डायपर सुटला की आणा. (कोपरखैरणे)

शाळेचं चूक आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 प्रमाणे मान्यताप्राप्त शाळेला दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यावा लागतो आणि त्याच्या गरजेप्रमाणे सोयही करावी लागते. मुख्याध्यापकांना शांतपणे, पण लेखी विचारा. बहुतेक वेळा कागद पुढे गेला की मार्ग निघतो.

घरी मात्र आजपासून सुरुवात करा. तीन दिवस नुसती नोंद ठेवा, किती वाजता ओलं झालं. मग त्या वेळेच्या दहा मिनिटं आधी न्या. शाळेत भारतीय पद्धतीचा संडास असेल आणि घरी कमोड, तर तोही फरक मुलाला अडतो, आधी एकदा नेऊन दाखवा. ओरडू नका. आणि पोट रोज साफ होतं का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. बद्धकोष्ठ असेल तर कितीही शिकवलं तरी डायपर सुटत नाही.

एका केंद्रातून फोन येतो. शाळा सुरू होईपर्यंत स्टेम सेल (मूळ पेशी) थेरपी करून घ्या, मुलगा बोलायला लागेल, म्हणतात. पॅकेजवर महिनाअखेरपर्यंत सूट आहे. दागिने मोडायची तयारी आहे. करू का? (मुंब्रा)

करू नका. दागिने कपाटात ठेवा.

आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2017 च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. रक्ताच्या व तशा काही ठरावीक आजारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेल हा उपचार म्हणून विकायचा नाही. ऑटिझमसाठी असो की बोलण्यासाठी, तो द्यायचा तर फक्त मंजुरी मिळालेल्या संशोधनाच्या चाचणीत, आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून पैसे घेता येत नाहीत. जिथे पॅकेज आहे, तिथे ही चाचणी नाही. औषधाला महिनाअखेरची सूट असते, हे मी आजवर कुठल्याही खऱ्या उपचारात पाहिलेलं नाही. दोन वर्षं घरात अडकलेल्या, हतबल झालेल्या पालकांचे नंबर गोळा करून असे फोन करणाऱ्यांचा मला संताप येतो. ‘90 दिवसांत बोलेल’ छाप ऑनलाइन कोर्स आणि ब्रेन टॉनिकच्या बाटल्याही त्यातल्याच.

स्पीच थेरपी मात्र थांबवू नका. स्पीच थेरपिस्ट आणि विशेष शिक्षकांना भारतीय पुनर्वसन परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. तो विचारण्यात उद्धटपणा काही नाही. मुलाची ऐकण्याची तपासणी कधीच झाली नसेल तर ती सगळ्यात आधी.

युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आलेलं नाही. तोवर थांबू का? (दिवा)

नाही. अर्ज ऑनलाइन भरा, पावती शाळेत दाखवा. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र हातात आलं की राष्ट्रीय न्यासाच्या निरामय विम्याचीही चौकशी करा. ऑटिझम, सीपी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांना त्यात वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं, थेरपीचा काही खर्चही त्यात बसतो.

नातू 11 वर्षांचा, ऑटिझम. रात्री दोनला झोपतो, सकाळी अकराला उठतो. शाळेचं नाव काढलं की कानावर थपडा मारून घेतो. ग्रुपवर कुणीतरी झोपेच्या गोळीचं नाव दिलंय. (नौपाडा, आजी)

आजी, ग्रुपवरची गोळी देऊ नका. त्याच्या वजनाला, त्याच्या इतर औषधांबरोबर काय चालेल हे त्याला तपासल्याशिवाय मीही सांगणार नाही.

उठण्याची वेळ दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणा, झोपेची आपोआप मागे येते. संध्याकाळनंतर मोबाइल बंद. शाळेची तयारी गणवेशापासून करू नका, रस्त्यापासून करा. पहिल्या दिवशी नुसतं फाटकापर्यंत जायचं, वॉचमनकाकांना हात करायचा, परत यायचं. दुसऱ्या दिवशी तेच. मग वर्गाच्या दारापर्यंत, तिथे पाच मिनिटं. फाटक, वर्ग, बाई आणि घर यांचे मोबाइलवर फोटो काढून छापून घ्या आणि त्याच क्रमाने भिंतीवर लावा. शेवटचा फोटो घराचा असलाच पाहिजे. परत यायचं आहे, हे त्याला दिसायला हवं.

पण या सगळ्याच्या आधी एक. तो थपडा कानावरच मारतो, असं तुम्ही लिहिलंय. गालावर नाही, डोक्यावर नाही. बोलता न येणारी मुलं बऱ्याचदा दुखतं तिथेच मारून घेतात. दोन वर्षांत त्याचे दात कुणी बघितले? कान तपासले? शाळेचा विचार परवा करू. उद्या त्याला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या, आणि तिथून निघाल्यावर दाताच्या डॉक्टरांकडे.