राजदूत ३५० मोटरसायकलचे दोन्ही कार्बोरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारे भाग) घरी काढून, साफ करून परत बसवता येतात का? ट्युनिंग बिघडेल का?

येतात. घरीच काढा. पेट्रोल कॉक बंद करणं, फ्लोटची (आतल्या तरंगत्या भागाची) पिन जपून काढणं, जेटमध्ये (पेट्रोलच्या बारीक छिद्रात) तार न घालणं हे तुम्हाला ठाऊक असेलच. पण 'घरचे म्हणतात, स्वतः हात लावलास तर इंजिन जाईल' असं तुम्ही लिहिलंय, म्हणून उत्तर द्यायला बसलो. हे वाक्य मी २०११ पासून ऐकतोय.

माझ्या मामाची १९८६ ची राजदूत ३५० होती. २०११ च्या दिवाळीच्या सुट्टीत, सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या बोळात बसून मी तिचे दोन्ही कार्बोरेटर काढले. डाव्याचं सगळं एका ताटात, उजव्याचं दुसऱ्या. एअर स्क्रू काढण्याआधी हलक्या हाताने पूर्ण आत पिळून फेरे मोजले, निडलची क्लिप कितव्या खाचेत आहे तेही लिहून ठेवलं. बसवताना एअर फिल्टरकडची रबरं मागे सारून दोन्ही तोंडांत बोटं घातली आणि मामेभावाला अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू पिळायला सांगितलं. दोन्ही स्लाइड (तोंडातले वर-खाली होणारे पडदे) एकाच क्षणी उचलल्या पाहिजेत. डावी जराशी मागे होती, ती वरच्या अ‍ॅडजस्टरने जुळवली. मग इंजिनात ऑइल सोडणाऱ्या पंपाची खूण जुळवली. हा क्रम उलटा करायचा नाही, कारण अ‍ॅक्सिलरेटरची एकच केबल पुढे फुटून दोन्ही कार्बोरेटरना आणि पंपाला जाते. गाडी दुसऱ्या किकला सुरू झाली. आयडलिंग इतकं एकसारखं, की आवाज ऐकून मामा स्वतः बाहेर आला.

आठवड्याने तो साताऱ्याला निघाला. जुन्या कात्रज घाटात, बोगद्याच्या अलीकडे डावा पिस्टन धरला. क्लच वेळेवर दाबला म्हणून पडला नाही. न्यूट्रलमध्ये उतारावरून खाली कात्रजला आला आणि तिथून मला फोन: "तू खोललंस आणि माझं इंजिन गेलं." बोअर-पिस्टनचे पैसे त्याने कधी मागितले नाहीत, पण प्रत्येक लग्नामुंजीत ही गोष्ट माझ्या नावावर सांगितली जाते.

दोन्ही प्लग काढल्यावर झालं काय ते दिसत होतं. उजवा कॉफीच्या रंगाचा, डावा पांढराफटक. म्हणजे डावीकडे पेट्रोल कमी, नाहीतर हवा जास्त. जेट पुन्हा काढून उजेडात धरला, स्वच्छ. मग डावीकडचं मॅनिफोल्डचं, म्हणजे कार्बोरेटर इंजिनाला जोडणारं रबर काढून वाकवलं. क्लिपच्या बरोबर खाली चीर, आणि चिरेत वाळलेलं गास्केट सोल्युशन. ते मी लावलेलं नव्हतं. आधी कुठल्यातरी गॅरेजात क्लिप आवळून आवळून रबर कापलं गेलं आणि नवीन घालायचं सोडून वरून लिंपण करून गाडी परत दिली. टू-स्ट्रोकमध्ये तिथून हवा शिरली की मिश्रण लीन होतं, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होते, त्या बाजूचा पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरला धरतो. चढावर, अ‍ॅक्सिलरेटर भरपूर पिळलेला असताना तर हमखास.

म्हणून जेट साफ करण्याआधी त्या दोन रबरांकडे बघा. नाना पेठेत घ्यायला गेलात तर काउंटरवरच वाकवून पाहा. वर्षानुवर्षं पाकिटात पडून राहिलेलं नवीन रबरसुद्धा तडकतं. बसवल्यावर गाडी आयडलिंगला ठेवून रबराभोवती साबणाचं पाणी शिंपडा. आवाज बदलला तर हवा घेतेय. मग हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा, आवाज चढला तर केबल कुठेतरी ओढली जातेय. एवढं सांभाळलंत तर ट्युनिंग बिघडत नाही.

एक मान्य करतो. साफसफाई करताना मी ती रबरं पेट्रोलने पुसली होती. त्याने ते सोल्युशन सुटलं असणं शक्य आहे, आणि रबर हातात होतं तेव्हाच वाकवून बघायला हवं होतं. पण चीर माझी नव्हती, मामा.

हो, आणि तुमच्या गाडीचा ऑइल पंप आधीच्या मालकाने काढून टाकलेला असेल, तर पंपाच्या खुणेचं सोडा. ऑइल पेट्रोलमध्ये मिसळा. पहिल्या दिवशी घाटात नेऊ नका. खडकवासल्यापर्यंत जाऊन या आणि दोन्ही प्लग काढून शेजारी शेजारी ठेवून रंग बघा.