भिजलेला फोन : आधी बंद करा, मग बाकीचं

पावसाळा लागला की माझ्या सांगलीच्या दुकानात ओल्या फोनांची रीघ लागते. तुमच्याकडून आलेल्या प्रश्नांपैकी पाच इथे घेतले आहेत.

प्रश्न : विश्रामबागहून मिरजेला जाताना पावसात फोन भिजला. दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवला, चालू झाला. आठवड्याने अचानक डेड. तांदूळ कमी पडले का? (नोकरदार, मिरज)

दादा, पोतंभर तांदूळ असते तरी हेच झालं असतं. फोनच्या आतल्या सर्किट बोर्डावरच्या पत्र्याच्या झाकणांखाली अडकलेलं पाणी तांदूळ ओढून घेत नाहीत. उलट त्यांची भुकटी चार्जिंग जॅकमध्ये जाऊन बसते.

फोन मारतो तो पाण्यातून वाहणारा करंट. पावसाच्या, नळाच्या पाण्यात क्षार असतात. त्यातून करंट गेला की बोर्डावरचं तांबं विरघळून भलत्याच जागी जमतं आणि शॉर्ट होतो. पाणी वाळलं तरी क्षार मागे राहतात. आमच्याकडे त्या हिरव्या-पांढऱ्या थराला ‘कार्बन’ म्हणतात. हवेतल्या ओलीने तो पुन्हा जागा होतो, म्हणून फोन आठ दिवस चालून मग जातो.

पुढच्या वेळी फोन लगेच स्विच ऑफ करा. ‘चालतोय का बघू’ म्हणून चालू करू नका, चार्जिंगला तर लावूच नका. सिम ट्रे काढा, जॅक खाली करून हलकेच झटका आणि त्याच दिवशी कारागिराकडे न्या. बंद फोनमध्येही बॅटरीचा करंट बोर्डापर्यंत पोहोचलेला असतो, त्यामुळे आत बॅटरीचा कनेक्टर काढणं हेच पहिलं खरं काम. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने बोर्ड धुतात. हेअर ड्रायर नको. उष्णतेने बॅटरी आणि डिस्प्लेचा गोंद, दोन्हींना त्रास होतो.

प्रश्न : फोनवर चहा सांडला. पुसून घेतला, चालतोय. दुकानात नेऊ का? (गृहिणी, माधवनगर)

न्या ताई, आजच. साखर वाळून चिकट होते, बटणं आणि स्पीकरची जाळी धरते. आत शिरलेला चहा साध्या पाण्यापेक्षा वाईट. तोवर फोन बंद ठेवा.

प्रश्न : माझा फोन आयपी 68 आहे. नदीत पोहताना फोटो काढले तर चालेल ना? (विद्यार्थी, सांगली)

नको. आयपी 68 हा धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा, आणि ती चाचणी नव्या फोनवर, स्वच्छ पाण्यात होते. फोन एकदा आपटला, उघडला किंवा जुना झाला की आतलं सील तेवढं घट्ट राहत नाही. कृष्णेच्या पावसाळी पाण्यात तर गाळ असतो. 2019च्या पुरानंतर मी उघडलेल्या फोनांत स्पीकरपासून कॅमेऱ्यापर्यंत पिवळट चिखल बसलेला होता. नखाने खरवडला तर पापुद्रे निघायचे. असा बोर्ड नुसता वाळवून भागत नाही, धुवावाच लागतो.

प्रश्न : चार्जर लावला की ‘ओलावा आढळला’ असं येतं. (शेतकरी, पलूस)

केबल काढून ठेवा. पंख्यासमोर वाऱ्यावर राहू द्या. एका दिवसात संदेश सहसा जातो. जॅकमध्ये काडी किंवा कापूस घालू नका.

प्रश्न : आई गेल्या वर्षी गेली. तिचे व्हॉईस मेसेज बाबांच्या फोनमध्ये होते, तो विहिरीत पडला. एक जण डेड म्हणाला, दुसरा मेमरी चिप काढून डेटा देतो म्हणतो. काय करू? (हरिपूर)

चिप काढू देऊ नका. आजच्या फोनमधला डेटा कुलूपबंद असतो आणि त्याची किल्ली त्याच बोर्डावरच्या प्रोसेसरशी बांधलेली असते. नुसती चिप वाचली तर हाती काहीच लागत नाही. तोच बोर्ड थोडा वेळ तरी जिवंत करावा लागतो. म्हणून कारागिराला पहिल्याच वाक्यात सांगा, ‘फोन नको, डेटा हवा.’ बोर्ड बदलून मिळालेला चालू फोन तुमच्या काही कामाचा नाही.

त्याआधी बाबांच्या नंबरचं डुप्लिकेट सिम घ्या आणि दुसऱ्या फोनवर व्हॉट्सॲपचा बॅकअप सापडतो का पाहा. आणि आईचा स्वतःचा फोन कपाटात कुठे असेल तर तो आधी चार्ज करा. तिने पाठवलेले मेसेज तिच्या फोनमध्येही असू शकतात.