लांब कयाक खरेच जलद असते का?

प्रश्न : देवबागला आमचा छोटा होमस्टे आहे. पाहुण्यांसाठी दोन कयाक आहेत, एक 10 फुटी आणि एक 14 फुटी. आणखी चार घ्यायच्या आहेत. विक्रेता म्हणतो, लांबच घ्या, ती जलद. मी कर्लीच्या खाडीत 500 मीटर अंतर धरून वेळ लावली. 10 फुटी 5 मिनिटांत गेली, तासाभराने त्याच दिशेला 14 फुटीला साडेपाच मिनिटे लागली. मग खरे काय?
– एक वाचक, ता. मालवण

उत्तर : तुमच्या आकड्यांत कयाकपेक्षा कर्लीची सुकतीच (ओहोटीची ओढ) जास्त मोजली गेली असावी. पहिल्या फेरीला पाणी ओढत असेल आणि तासाभरात त्याचा जोर ओसरला असेल, तर अर्ध्या मिनिटाचा फरक तेवढ्यानेच पडतो. प्रत्येक कयाक जाताना आणि लगेच येताना मोजा आणि दोन वेगांची सरासरी काढा, वेळांची नको. जाताना ताशी 8 किमी आणि येताना 4 आला, तर कयाकचा वेग 6. एकूण अंतराला एकूण वेळेने भागलेत तर 5.3 येईल, कारण उलट्या पाण्यात तुमचा वेळ जास्त गेलेला असतो. क्रम लहान, मोठी, मोठी, लहान असा ठेवा, म्हणजे दमणूक एकीच्याच वाट्याला जाणार नाही. वल्हे तेच, माणूसही तोच.

तरीही ‘जलद कोण’ एवढेच विचारून भागत नाही. कोणत्या वेगाला किती जोर लागतो, ते पाहायला हवे. संथ वेगात मुख्य अडथळा पाण्याच्या घर्षणाचा, आणि लांब कयाकचे भिजणारे अंग बरेचदा जास्त असते. वेग वाढला की कयाक स्वतःची लाट उठवते आणि तिथे लांबी कामी येते. जुना ठोकताळा असा : पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्या, तिच्या वर्गमुळाला 1.34 ने गुणा, उत्तर म्हणजे सहज गाठता येणाऱ्या वेगाची मर्यादा, नॉटमध्ये. 9 फूट टेकत असतील तर 4 नॉट, म्हणजे ताशी 7.4 किमी, 13 फुटांना 8.9 च्या आसपास. त्यापुढे जाता येते, पण थोड्याशा वेगासाठी फार जोर काढावा लागतो.

हे तुम्हाला घरच्या घरी मोजता येईल, आणि मला ही चाचणी सगळ्यांत आवडते. भरती-सुकतीच्या मधल्या थांबलेल्या पाण्यात, सकाळी वारा नसताना, इंजिनाची होडी घ्या. होडीवर आडवा बांबू बांधून त्याच्या टोकाला कयाक ओढायला लावा, म्हणजे ती होडीच्या लाटेबाहेर राहील. दोरीच्या मध्ये मासे तोलायचा डिजिटल काटा अडकवा. कयाकमध्ये माणूस बसलेला, वल्हे पाण्याबाहेर. मोबाइलवर वेग पाहत 4, 5, 6, 7 किमीला काटा वाचा. संथ वेगात ओढ जेमतेम किलोभर भरते, म्हणून काटा बारीक वजन दाखवणारा हवा. 4 ला दोन्ही कयाक जवळजवळ सारख्या निघतील, 7 ला 10 फुटीचा आकडा उसळेल. वल्हवणे थांबवून कयाक किती लांब घसरते ते मात्र मोजू नका. जड कयाक वजनामुळेच पुढे जात राहते.

आता तुमचे पाहुणे. हौशी माणूस ताशी चारच्या आसपास वल्हवतो. त्या वेगात 14 फुटीच्या लांबीचा त्याला काही उपयोग नाही. त्याच्यासाठी कलंडणे मोजा : कयाकवर आडवी फळी ठेवा, मध्यापासून 30 सेंटिमीटरवर 5 लिटरचा भरलेला कॅन ठेवा, आणि कयाक किती अंशांनी कलली ते मोबाइलवर पाहा. दोन्हींत तेच वजन, तीच बैठक. ऑलिंपिकच्या सपाट पाण्यातल्या शर्यतीची एकट्याची कयाक 5.2 मीटरपर्यंत लांब आणि कमीत कमी 12 किलोची असते. तिच्यात नवखा माणूस बसल्या बसल्या पाण्यात जाईल.

चारपैकी तीन रुंद, 10 फुटी घ्या, आणि एक लांब तुमच्या माणसासाठी. दुपारी खारा वारा सुटल्यावर कुणी संगमाच्या, म्हणजे कर्ली समुद्राला मिळते त्या बाजूला भरकटले, तर तिथपर्यंत लवकर पोचायला तीच हवी.